लिहून देणार

"बाबा, कागद पाहाल का एकदा?" मुलाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी अंगणात पानपिंपरी वाळत घालत होतो. कागद पाहायला मला कुणी बोलावलं त्याला बरीच वर्षं झाली होती. हिवरखेडहून रोज एसटीने तेल्हाऱ्याला जायचं, दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर टिनाच्या छपराखाली बसायचं आणि लोकांची खरेदीखतं लिहायची, हे मी चौतीस वर्षं केलं. जुनी माणसं आम्हाला अर्जनवीस म्हणत. पुढे संगणक आला, अंगठ्याचं यंत्र आलं, कॅमेरा आला. दस्त टाइप होऊ लागले आणि माझं वळणदार अक्षर किराण्याच्या यादीपुरतं उरलं.

मुलगा घर घेत होता. नवं नाही, रीसेल. पुण्याबाहेर गहुंज्याला, क्रिकेटच्या स्टेडियमजवळ, पवनेच्या काठच्या एका टाऊनशिपमध्ये. चारी बाजूंनी भिंत, एक गेट आणि आत गोल्फचं मैदान. बायको म्हणाली, "गोल्फ? त्यानं तं कधी विटीदांडू बी धड खेयला नाही."

कागद व्हॉट्सॅपवर आले. चष्मा लावून मी दोन दिवस मोबाइलवर बोट फिरवत बसलो. साखळी नीट होती. बिल्डरकडून पहिल्या मालकाकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, आता दुसऱ्याकडून माझ्या मुलाकडे. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू, सोसायटीचं ना-हरकत पत्र, सगळं जागेवर. किंमत पन्नास लाखांवर, म्हणून एक टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापायचा. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. सोसायटीला हस्तांतरणाचे पंचवीस हजारांपेक्षा जास्त मागता येत नाहीत, हे २००१ पासूनचं परिपत्रक आहे, तेही त्याला सांगितलं. म्हणजे बापाचं काम झालं होतं. पण मला त्या कागदांत एक वाक्य सापडत नव्हतं आणि ते शोधण्यात माझी दुसरी रात्र गेली.

ते वाक्य कोणतं हे सांगायचं तर आमच्याकडचा दस्त कसा असतो ते सांगावं लागेल. वर तारीख. मग 'लिहून घेणार' म्हणून खरेदीदाराचं नाव, वय, धंदा, राहणार. त्याखाली 'लिहून देणार' म्हणून विकणाऱ्याचं. तिथून पुढे सगळा दस्त लिहून देणारा बोलतो. कारणे खरेदीखत लिहून देतो की, खाली वर्णन केलेली मिळकत माझ्या मालकीची व ताब्यातली आहे. मला घरखर्चासाठी रकमेची गरज आहे. रक्कम भरून पावलो. मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह तुमच्या ताब्यात दिली. आणि मग ते वाक्य : आजपासून सदर मिळकतीवर माझा अगर माझ्या वारसांचा काहीएक हक्क राहिलेला नाही. शेवटी, हे खरेदीखत स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणत्याही नशेच्या अंमलाखाली नसताना लिहून दिले असे.

घेणारा या सबंध दस्तात एक अक्षर बोलत नाही. पैसे त्याने मोजलेले, घर त्याचं होणार, आणि त्याला तोंड नाही. 'माझं' हा शब्द दस्तात येतो खरा, पण देणाऱ्याच्या तोंडी येतो, तोही चार ओळींनंतर सोडण्यासाठी. म्हणजे आपण जो कागद मालकीचा पुरावा म्हणून गोदरेजच्या कपाटात ठेवतो, त्यात मालकाने 'हे माझं आहे' असं कुठेच म्हटलेलं नसतं. दुसऱ्या कुणी 'हे आता माझं नाही' असं म्हटलेलं असतं आणि त्यावर आपलं 'माझं' उभं असतं.

हजारो वेळा हे वाक्य लिहूनही माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. पुण्याच्या वकिलाने इंग्रजीत केलेला मसुदा वाचताना आलं, कारण त्यात 'मी' नव्हता. विक्रेता असं करील, खरेदीदार तसं करील, सगळं तिसऱ्याच माणसाबद्दल चाललेलं. ते वाक्य शेवटी सापडलं, एकतिसाव्या पानावर, कलमाच्या पोटकलमात. कुणी बोलतंय असं मात्र वाटलं नाही.

होमात आहुती टाकली की यजमानाला 'न मम' म्हणायला लावतात. हे माझं नाही. तूप अग्नीत पडलेलंच असतं, ते काही परत काढता येत नाही. तरी म्हणावं लागतं. तोंडाने म्हटल्याशिवाय दिल्यासारखं होत नाही, असं ज्यांनी तो विधी घातला त्यांना वाटलं असणार. खरेदीखत हा पैशाचा व्यवहार आहे, त्याला यज्ञ म्हणणं हा बोलघेवडेपणा झाला, हे मला कळतं. तूप टाकणारा मोबदला मोजून घेत नाही. पण मी छपराखाली बसून एवढं पाहिलं आहे की पैसे मोजून झाले तरी माणसाचं काही तरी मोजायचं राहतं. एका म्हाताऱ्याने मुलीच्या लग्नासाठी दोन एकर वावर विकलं. रक्कम मोजली, उपरण्यात बांधली. सही करायच्या आधी मला म्हणाला, "धुऱ्यावरचा लिंब बी गेला का याच्यात?" मी म्हटलं, "गेला. तरू लिहिलंय ना." तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. लिंबाचे पैसे त्याने वेगळे मागितले असते तर घेणाऱ्याने दिलेही असते. त्याला पैसे नको होते. मग त्याने सही केली. पहिल्यांदा उमटली नाही, दुसऱ्यांदा केली.

*

दिवाळीनंतर मी आणि बायको ते घर पाहायला पुण्याला गेलो. टाऊनशिपच्या गेटवर गाडी थांबवली. पहारेकऱ्याने माझं नाव, आडनाव, कुणाकडे, सगळं फोनमध्ये भरलं. घर विकणाऱ्या मालकीणबाईंकडून परवानगी आल्यावर दांडा वर गेला. बायकोला राग आला. मला नाही आला. कारण आमच्या हिवरखेड-अकोट पट्ट्यातल्या पानमळ्यालाही फाटक असतं. पानवेलीला वारा सोसत नाही, ऊन सोसत नाही, म्हणून चौफेर कूड घालतात, उंच शेवरी-पांगाऱ्याची सावली करतात. पानपिंपरीच्या वेलाचंही तसंच. आत शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात, मालक असो की मजूर. लहानपणी मला वाटे, आत देऊळ आहे.

तेव्हा कुंपण घालणं पाप आहे, असं मला म्हणवत नाही. जपायचं म्हटलं की कूड आलाच. पण त्या दोन फाटकांत उभं राहून माझ्या मनात एक गोष्ट आली. मळ्याचं फाटक येणाऱ्याला काही तरी काढून ठेवायला सांगतं आणि मालकालाही तेच सांगतं. हे फाटक येणाऱ्याला 'तू कोण' विचारतं. मालकाला मात्र काहीच विचारत नाही, सलाम करतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. सत्तरीच्या बाई. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, आता त्या नाशिकला मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांनी चहा केला. ब्रोकर बाल्कनीचा दरवाजा सरकवून म्हणाला, "काका, हे बघा. गोल्फ फेसिंग."

हिरवळ खरोखर देखणी होती. एवढा मोठा पसारा, चढउतार, मधे वाळूचे खड्डे, आणि लांब एका दांडीवर निशाण. त्या निशाणाखाली सव्वाचार इंचाचं भोक, असं मुलाने सांगितलं. एवढ्या एकरांचा खटाटोप सव्वाचार इंचांसाठी. आमच्या भागात वान धरणाचं पाणी चौऱ्याऐंशी खेड्यांच्या नळांना जातं, आणि नळ यायचा दिवस बायका बोटांवर मोजतात. बायकोच्या डोळ्यांपुढे त्या हिरवळीचं काय झालं असेल ते मी ओळखलं. पण ती तिथे काही बोलली नाही, चहाची बशी उचलून आत गेली.

मी ब्रोकरला विचारलं, "हे फेसिंग दस्तात कुठे आहे?" तो हसला. मी थट्टा करत नव्हतो. दस्तात चतुःसीमा असते, पूर्वेस काय, पश्चिमेस काय. आमच्याकडे पूर्वेस अमक्याचं वावर, पश्चिमेस सरकारी रस्ता, उत्तरेस नाला. आपल्या मिळकतीची ओळख सांगायची तर चार परक्यांची नावं घ्यावी लागतात, हे मला नेहमी गमतीचं वाटे. इथे कार्पेट एरिया होता, पार्किंगचा नंबर होता. ज्या हिरवळीपायी किंमत चढलेली, तिच्यावर पाय ठेवायचा तर सभासदत्व निराळं. नजरेचे पैसे भरायचे, पण नजर कुणाच्या नावावर चढत नाही. उद्या कुणी तिथे दुसरं काही उभं केलं तर मुलगा निबंधकाकडे जाऊन काय दाखवणार?

बाईंनी सामानाची यादी पुढे केली. घरासोबत काय राहणार त्याची. एसी ३ नग. गिझर २ नग. मॉड्युलर किचन. आणि शेवटी, देव्हारा सागवानी, १ नग.

देव्हारा भिंतीत बसवलेला होता. देव आधीच नाशिकला गेले होते. आतल्या फळीवर समईच्या काजळीचा गोल डाग होता आणि मागच्या लाकडावर, जिथे तसबीर असावी तिथे, फिकट चौकोन. सून माझ्याकडे पाहत होती. दुसऱ्याच्या देवांची जागा आपल्या देवांना चालते का, हा तिचा प्रश्न होता. बाईंनाही तो कळला. म्हणाल्या, "नको असेल तर काढून टाका. मला नेता येत नाही, भिंतीतला आहे." मग बाल्कनीतली एक परडी उचलून आणली. तीत पंधरा-वीस गोल्फचे चेंडू. "हे वरून येऊन पडतात. सुरुवातीला आमचे हे खाली जाऊन देऊन यायचे. नंतर कुणी मागायलाच येईना. यादीत घालायचे का?"

आम्ही सगळे हसलो. मी एक चेंडू हातात घेतला. चेहऱ्यावर देवीचे व्रण असावेत तसे खळगे. भिंत, गेट, दांडा, कशालाही न विचारता आलेला. कुणाचा आहे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि म्हणून जपून ठेवलेला.

*

परत आल्यावर मी आमच्या गुरुजींना विचारलं, रीसेल घराला वास्तुशांत लागते का. ते म्हणाले, गृहप्रवेश तीन तऱ्हेचे. नव्या घरात पहिल्यांदा, तो अपूर्व. प्रवासाहून आपल्याच घरी परत, तो सपूर्व. पडझड झालेलं, दुरुस्त केलेलं घर, तो द्वंद्व. मी म्हटलं, मग याला कोणता? घराच्या बाजूने पाहिलं तर अपूर्व नाही, त्यात दोन संसार होऊन गेले. मुलाच्या बाजूने सपूर्व नाही, तो तिथे कधी राहिलाच नाही. पडझडही नाही. गुरुजी थोडं थांबून म्हणाले, "अपूर्वच धरा. राहणारा नवा म्हणजे घर नवं."

मला ते पटलं नाही. शास्त्राशी माझं भांडण नाही, पण दस्तलेखकाला साखळी विसरता येत नाही. कोरं घर आपल्याला फसवतं. वाटतं, इथे आपल्यापासून सुरुवात झाली. जमिनीचा सातबारा काढा, त्या घराखालीही कुणाचं तरी वावर निघतं, कुणाचा तरी लिंब निघतो. जुन्या घरात निदान देव्हाऱ्यातला डाग दिसतो. कुणी तरी इथे 'न मम' म्हणून गेलंय, हे डोळ्यांपुढे राहतं.

गहुंज्याहून देहू जवळ आहे. आम्ही त्याच मुक्कामात जाऊन आलो होतो. तुकोबांची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवल्याची. माझ्या धंद्यामुळे मला तीत एक बारीक गोष्ट आवडते. सांगतात की त्यांनी खतांची आधी वाटणी केली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, आणि फक्त आपली निम्मी नदीत सोडली. किती चोख काम! वैराग्य आलं म्हणून दुसऱ्याच्या हिश्शाचा त्याग त्यांनी केला नाही. 'माझं नाही' म्हणायला आधी माझं कोणतं हे ठरवावं लागतं. नाही तर तो त्याग नव्हे, दुसऱ्याच्या मालाची विल्हेवाट.

आमच्या मुलखात यापुढची पायरी पाहायला मिळाली. शेंडगावचे डेबूजी १९०५ साली घर सोडून निघाले ते गाडगेबाबा झाले. आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी घर बांधलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. डोळ्यांदेखत, हातीपायी धड असताना दिली. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले तेही प्रवासात, वलगावजवळ पेढी नदीपाशी. मी त्यांच्या वाटेने जाणारा नाही. मला उशाला उशी लागते आणि दाराला कडी. पण दस्तलेखक म्हणून मला त्यांच्याकडून एवढं कळतं की देण्याला वेळ असते, आणि ती माणूस बोलता-चालता असतानाची असते.

*

नोंदणीच्या दिवशी मी हट्टाने गेलो. कचेरीत गर्दी होती. बाईंचा नंबर आला. त्यांनी अंगठा यंत्रावर ठेवला, फोटोसाठी पदर नीट केला. दुय्यम निबंधकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. दस्त वाचलात? रक्कम मिळाली? कबूल आहे? एवढ्या मोठ्या इंग्रजी दस्तात जो 'मी' मला सापडला नव्हता, तो इथे टेबलापलीकडे उभा होता. बाई म्हणाल्या, "हो." दीड मिनिटात झालं. मी हा 'हो' आयुष्यभर ऐकला, पण त्या दिवशी नीट ऐकला. घर त्या एका अक्षरात गेलं.

संध्याकाळी त्या उरलेली एक पिशवी न्यायला परत आल्या. आम्ही वर होतो. मुलाचा फोन वाजला. पडद्यावर त्यांचं नाव, आणि खाली विचारणा : पाहुणे गेटवर आहेत, आत सोडायचं का? मुलगा एकदम उठून उभाच राहिला. त्याने परवानगीचं बटण दाबलं आणि तसाच चपला न घालता खाली धावला, त्यांना आणायला. सकाळपर्यंत तोच पहारेकरी त्यांना सलाम करत होता.

त्या वर आल्या, पिशवी घेतली. देव्हाऱ्याकडे पाहिलं. सूनबाईने डाग पुसला नव्हता. चेंडूंची परडी त्यांनी नेली नाही.

*

आता माझं. हिवरखेडचं घर माझ्या नावावर आहे. वडिलांनंतर बहिणींनी हक्कसोडपत्र लिहून दिलं, ते मीच लिहिलं होतं. मुलगा इथे येणार नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे. एके दिवशी मी जाईन आणि घराला वारसनोंद लागेल. कितीतरी वारसनोंदींचे अर्ज मी लिहिले आहेत. त्यात मेलेल्याची सही नसते. अमुक इसम अमुक तारखेस मयत, वारस खालीलप्रमाणे. बस. लिहून घेणारे असतात, लिहून देणारा नसतो. ज्याने आयुष्यभर 'माझं, माझं' केलं त्याला 'माझं नाही' म्हणायची संधीच न मिळता घर त्याच्या हातून काढून घेतलं जातं. गहुंज्याच्या बाई माझ्यापेक्षा नशीबवान. त्यांना कुणी तरी समोर बसवून विचारलं, कबूल आहे का, आणि त्यांना 'हो' म्हणता आलं.

मग जिवंतपणी द्यावं. बक्षीसपत्र करावं. मुलाला राहतं घर द्यायला मुद्रांकही नाममात्र लागतो. पण इथेच माझी पंचाईत आहे. छपराखाली येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला मी एकच सांगत आलो, "मामा, जित्तेपणी लिहून देऊ नका." जिवंतपणी सगळं मुलांना देऊन बसलेल्या बापाचं 'नटसम्राट' नाटक १९७० साली आलं. आमच्याकडचे लोक ते न पाहताही तेच बोलत. फारच हट्ट धरला कुणी तर मी दस्तात अट घालायचो, घेणारा देणाऱ्याचा सांभाळ करील. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तेविसावं कलम आलं, तेव्हापासून त्या अटीला धारही आली. सांभाळ नाही केला तर दान रद्द करून मागता येतं.

माझा मुलगा चांगला आहे. अनवाणी खाली धावला तो. तरीही मसुदा लिहायला बसलो तेव्हा हात आपोआप त्या अटीपाशी गेला. अट घातली की 'न मम' अर्धंच होतं. तूप टाकायचं आणि चमचा घट्ट धरून ठेवायचा. अट नाही घातली तर चौतीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं शहाणपण माझं मलाच खोटं पाडावं लागतं.

मी मसुदा दोनदा लिहिला आहे. शाईच्या पेनाने, जुन्या वळणात. एक अटीसह, एक अटीशिवाय. दोन्हींत लिहून देणार म्हणून माझं नाव आहे, चतुःसीमा आहे, अंगणातल्या लिंबासह तरू आहे. अक्कलहुशारीने लिहून दिले असेही आहे. कपाटात एकावर एक ठेवलेत. दोन्हींत तारखेची जागा कोरी आहे.

बायकोने परवा कपाट आवरताना पाहिले. म्हणाली, "दोन कायले लिहिले?"

मी म्हटलं, "वरचा कोणता आहे ते पाहा."

तिने पाहिलं. काही न बोलता खालचा वर ठेवला आणि कपाट लावलं. कोणता वर ठेवला, ते मी अजून उघडून पाहिलेलं नाही.